उलट्या कैचीचा सुलट जबाब

मित्रांनो, मी एक जुनी कैची आहे. पुस्तकात मला कात्री म्हणतात, पण सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात मला कात्री म्हणून कोणी हाक मारली, तर मी वळूनसुद्धा पाहणार नाही. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा रडतात, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची रडते आणि शेवटी तुम्हालाही डोळे पुसायला लावते. मी रडणार नाही. मला भांडायचं आहे, आणि माझं भांडण संपेपर्यंत तुम्ही उठायचं नाही.

माझा जन्म लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या तुटक्या पाट्यातून झाला. पाटा म्हणजे चाकावरची ती पोलादी पट्टी, जी सागाच्या ओंडक्यांचा सगळा भार झेलते. गावच्या मुखरू लोहाराने तो पाटा तापवला, ठोकला, त्यातून दोन पाती काढली, मधोमध खिळा मारला आणि बोटं घालायला दोन कडी वळवली. असल्या लोखंडात नरमपणा कुठून येणार? मी जन्मापासूनच ताठ आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मला विकत घेतलं केसरबाईंनी. आमच्याकडे धानाची कापणी उरकली की बायका घरोघरी बिड्या वळायला बसतात. तेंदूची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचा चौकोनी फर्मा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेने कैची फिरवायची. केसरबाईंच्या हातात मी अशी चालायचे की गप्पा मारतामारता पानांचा ढीग पडायचा. शेजारणी मला उसनी मागायच्या. केसरबाई कोणालाच देत नसत. त्यांचे माझ्याबाबत दोन कायदे होते. एक, मला पानाशिवाय कशालाही लावायचं नाही. दुसरा, माझी रिकामी उघडझाप करायची नाही, कारण रिकामी कैची चालवली की घरात भांडण होतं म्हणतात. कौतुकाचे ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

पुढे केसरबाईंची नजर अधू झाली. त्यांची सून वच्छला घरात आली ती स्वतःची बाजारातली हलकी कैची घेऊन. मला छपराच्या वाशात खोचून ठेवलं गेलं. तिथे मी गंजले. खाली बिड्या वळल्या जात होत्या आणि मी वरून नुसती बघत होते. मला राग यायचा, पण वाशात खोचलेल्या कैचीच्या रागाला कोण विचारतो?

वच्छलेला एक मुलगी झाली. तिचं नाव पंचशीला. बाप सोमाजी बांबू तोडायला जंगलात जायचा, तो महिनामहिना यायचा नाही. त्यामुळे घरात असायच्या त्या तिघीच: आजी, आई आणि ही चिमुरडी. वच्छला बिड्या वळत असायची, तेव्हा ताटली पोरीपुढे सरकवायची आणि पोर आपल्या हाताने खायची. कोणत्या हाताने खाते ते बघायला कोणाला सवड नव्हती. ती डावखुरी होती, हे मला वरून सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

ब्याऐंशी साली जूनमध्ये पंचशीला पहिलीत गेली. गावात एकच गुरुजी होते, दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, पावसातही सायकल हाकत यायचे, मुलांना मन लावून शिकवायचे. पण डाव्या हाताने लिहिणं म्हणजे खोडी किंवा खोड, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पंचशीलेच्या डाव्या हातात पेन्सिल दिसली की त्या हातावर छडी बसायची. छडीने भागेना तेव्हा त्यांनी तिच्याच वेणीची रिबीन सोडून तो हात तिच्या कमरेशी बांधला. ती रडली नाही. तिने बोलणंच बंद केलं. आधी शाळेत आणि मग घरातही.

पोळ्याच्या सुमारास गुरुजींनी वच्छलेला बोलावून घेतलं. मुलगी बोलत नाही, ऐकत नाही, बाकीची मुलं तिच्याकडे बघून बिघडतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. हिचा हात घरी वळवा, उजव्या हाताने लिहायला लागली की पुढच्या जूनमध्ये आणा, तोवर घरीच ठेवा. आणि पुढच्या जूनमध्येही हात वळला नाही, तर शाळेचा नाद सोडा. वच्छलेने घरी येऊन हे सासूला सांगितलं, तेव्हा मी वाशात होते आणि एकेक शब्द ऐकला.

आता जरा थांबा, मला इथे बोलायचं आहे. तुम्ही माणसं भरवशाच्या माणसाला उजवा हात म्हणता. कोणाला मुद्दाम बाजूला सारायचं झालं, की डावलता. दोन लेकरांत भेद करू नये हे सांगतानाही डावंउजवं करू नका म्हणता. एखादं काम अगदी सोपं असलं तर तो तुमच्या डाव्या हातचा मळ. बिचाऱ्या डाव्या हाताने तुमचं काय घोडं मारलं आहे? बालदी तोच उचलतो, भाकरीची काठवट तोच धरतो, पान कापताना फर्मा तोच दाबून धरतो. मग एखाद्या पोरीचा तोच हात पुढे आला, तर छडी कशासाठी?

वच्छला सातवी शिकलेली होती. दुसऱ्या दिवशी तिने बिड्यांचं सूप मांडीवर घेतलं आणि पोरीला समोर बसवलं. तंबाखूला हात लावू द्यायची नाही, पण पानाच्या कातरणाचा ढीग तिच्यापुढे ओतायची. त्या हिरव्या पट्ट्यांची पंचशीला जमिनीवर अक्षरं मांडू लागली. वाकड्या पट्टीला तिरकी पट्टी जोडली की र, त्याला आडवी पट्टी लावून पुढे उभी पट्टी ठेवली की स. बिडीच्या लाल दोऱ्याने आकडे व्हायचे. चिंचोके मोजून झाले की तेच रंगवून फुलपाखराचे डोळे व्हायचे. तळ्याकाठची चिकणमाती आणून तिचे बैल, डुकरं, रानगवे बनायचे आणि मग तेच ओळीने उभे करून कोण पहिला, कोण दुसरा ते शिकायचं. घरातली शाळा अशी सुरू झाली. हात कोणता वापरायचा याबद्दल वच्छला अवाक्षर काढत नव्हती. पोर मात्र अजून मुकीच होती.

एके दिवशी पंचशीलेने आईची कैची मागितली, खुणेने. वच्छलेला तर तिच्यावाचून पोट भरता येत नव्हतं. म्हणून तिने मला वाशातून ओढलं, राखेने घासलं, तेलाचं बोट फिरवलं आणि लेकीच्या हातात दिलं. इतक्या दिवसांनी माणसाचा हात लागला, मला फार बरं वाटलं. पंचशीलेने डाव्या हाताने मला उघडलं आणि पानावर मिटलं. पान कापलं गेलं नाही. ते माझ्या पात्यांमध्ये दुमडून अडकून बसलं. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. यात माझा दोष नव्हता आणि तिचाही नव्हता. कैची उजव्या हातासाठीच घडवलेली असते. उजव्या हाताची बोटं मिटली की पाती एकमेकांना घासतात. डाव्या हाताची मिटली की तीच पाती फाकतात. आम्ही कैच्या अशाच जन्मतो आणि कोणीच त्याचा विचार करत नाही.

पंचशीलेने मला जमिनीवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. आणि कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडून शब्द आले.

“हे बी उजव्यायचीच हाय.”

वच्छलेच्या मांडीवरचं सूप कलंडलं. पोर बोलली म्हणून आनंद करावा, की काय बोलली म्हणून रडावं, तिला कळेना. तिने लेकीला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

त्याच संध्याकाळी घरात भांडण झालं. नोंद घ्या, मला रिकामं कोणी चालवलं नव्हतं. वच्छला म्हणाली, कैची मुखरूकडे नेऊन उलटी करून घेऊ. केसरबाई उसळल्या. त्यांच्या तरुणपणाची कैची, ती मोडायची? आणि कशासाठी, तर पोरीचं खूळ वाढवायला? हात दाखवून अवलक्षण कशाला, लोक आधीच हसतात, असं बरंच काही बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “पोरीचा हात वळव. माही कैची नको वळवू.”

आता केसरबाई म्हणजे साधी बाई नव्हे. छप्पन साली लेकरू कडेवर घेऊन त्या बैलगाडीने चांद्याला गेल्या होत्या, बौद्ध होऊन आल्या होत्या आणि घरी पोचताच देव्हाऱ्यातले सगळे देव नदीत सोडून आल्या होत्या. ही गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वच्छलेने आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, “बाई, देव नदीत सोडले तुमी. मंग हा डाव्या हाताचा इटाळ काऊन घरात ठेवला?”

 ताट पुढे आलं ते केसरबाईंनी तसंच सारलं. सकाळी उठून त्यांनी मला पदरात घेतलं आणि चाचपडत एकट्याच मुखरूच्या भात्यापाशी गेल्या. मुखरू आता म्हातारा झाला होता. त्याने मला लगेच ओळखलं, पण काय करायचं ते ऐकल्यावर मान हलवली. उलटी केली तर ही कोणाच्याच कामाची राहणार नाही, असं त्याने बजावलं.

“कोनाच्याच म्हंजे?” केसरबाई म्हणाल्या. “माह्या नातीले हात नाई का?”

मुखरूने खिळा तोडला. माझी दोन पाती पहिल्यांदा एकमेकांपासून वेगळी झाली. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? त्याने वरचं पातं खाली घेतलं, खालचं वर घेतलं, भट्टीत लाल करून दोघांनाही उलट्या बाजूने बाक दिला, जुनी धार साणेवर घासून काढली आणि दुसऱ्या बाजूने नवी धार धरली. मग नवा खिळा मारून पुन्हा आचेवर धरलं. थंड पाण्यात बुडवलं तेव्हा मी जी सूं करून ओरडले, ती शेवटची. बाहेर आले तेव्हा माझ्यासारखी दुसरी कैची त्या पंचक्रोशीत नव्हती.

घरी आल्यावर केसरबाईंनी मला नातीच्या डाव्या हातात दिलं. तिने पान घेतलं. कर्र आवाज झाला आणि पानाचे दोन तुकडे तिच्या मांडीवर पडले. ती हसली. मला अभिमान वाटला, असा अभिमान मला केसरबाईंच्या शंभर ढिगांनीही वाटला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघींनी नुसता धुमाकूळ घातला. पान एकदा दुमडून कापलं की अर्धं, दोनदा दुमडलं की पाव, तीनदा दुमडून कोपरे कातरले आणि उघडलं की जाळीचं फूल. अपूर्णांक तिला असे आले. पळसाच्या पानाचा मोर झाला, सागाच्या पानाचा वाघ झाला. केसरबाईंना दिसायचं कमी, म्हणून पंचशीला मोठाली अक्षरं कापून त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि आजी बोट फिरवून ओळखायची. साठीची ती बाई अशी आपलं नाव वाचायला शिकली. रविवारी आळीतली पोरं अंगणात जमायची आणि मला उचलून बघायची. त्यांच्या उजव्या हातात मी बिलकूल चालत नव्हते. कैची बोथट आहे म्हणून ती ओरडायची. पंचशीला कमरेवर हात ठेवून म्हणायची, कैची चांगली आहे, हात उलटा आहे तुमचा.

पण शाळेत छडी खाऊनही ती डावाच हात का पुढे करायची, ते तिने अजूनही सांगितलं नव्हतं. ते कळलं उन्हाळ्यात. वच्छला एक खेळ घेत होती, डावीकडे मोहाचं पान ठेव, उजवीकडे तेंदूचं ठेव असा. डावं उजवं लहान मुलांना कळत नाही, म्हणून आपल्याकडे सगळे म्हणतात तसंच ती सहज म्हणाली, जेवाच्या हातात पान घे. पंचशीलेने डाव्या हातात पान घेतलं आणि दुसऱ्याच क्षणी ते टाकून दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला घ्यावेत तसे.

वच्छलेने तिला जवळ घेऊन हळूहळू विचारलं. तेव्हा कुठे ती बोलली. “गुरुजी म्हनले, जेवाच्या हातानं लिवा. मी लिवलं. तं मारलं.”

मित्रांनो, कळलं का तुम्हाला? गुरुजींनी सांगितलं ते त्या पोरीने तंतोतंत ऐकलं होतं. जेवायचा हात म्हणजे उजवा, हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त जो डाव्याने जेवतो त्याला नसतं. ऐकल्याबद्दल मार खाल्ला. पुन्हा ऐकलं, पुन्हा खाल्ला. मग तिने कोणाचं ऐकून काय बोलावं? हे आठवलं की आजही माझी पाती घट्ट मिटतात.

जून आला. वच्छलेने पोरीला उजव्या हाताने लिहायलाही थोडंफार शिकवून ठेवलं होतं, वेळप्रसंगी हाताशी असावं म्हणून. अक्षर वेडंवाकडं यायचं, पण यायचं. केसरबाईंचं मत पडलं की गुरुजींसमोर एक दिवस उजवा हात काढावा, नाव लागू द्यावं, पुढचं पुढे बघता येईल. म्हातारीचं बोलणं व्यवहाराचं होतं. शाळा एकच होती, आणि ती हुकली तर पोर जन्मभर सुपापुढे बसणार होती. वच्छलेने लेकीला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या आणि हात कोणता काढायचा ते तिच्यावर सोडलं. तिघी शाळेत गेल्या. पंचशीलेच्या थैलीत पानांची अक्षरं होती आणि मी होते.

गुरुजींनी ओळखलं. बरी आहे का मुलगी, बोलते का आता, असं मायेने विचारलं. मग तिला वर्गापुढे उभं केलं. सगळी मुलं बघत होती. गुरुजी म्हणाले, “हं, जेवायचा हात वर कर.”

ते काय मागत आहेत हे तिला आता पक्कं माहीत होतं. उजवा वर केला की नाव लागणार होतं. टेबलावर छडी होती. थैलीत मी तिच्या मांडीला टेकलेली होते. मी मनात म्हणत होते, पोरी, तू उजवा वर केलास तरी मी तुला दोष देणार नाही.

तिने डावा वर केला.

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांचा हात छडीकडे गेला. पंचशीलेने हात खाली घेतला नाही. घोगऱ्या आवाजात, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ती म्हणाली, “गुरुजी, माहा जेवाचा हात हाच हाय.”

 गुरुजी तिच्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या मनात मागच्या वर्षीचा एकेक दिवस फिरत असावा. शेवटी ते वच्छलेकडे वळून, थोडं आपल्यालाच बोलल्यासारखं म्हणाले की, हे तिने तेव्हाच सांगायचं होतं.

“सांगत होती ना गुरुजी,” वच्छला म्हणाली. “हात वर करूनच सांगत होती.”

गुरुजींनी छडी टेबलाच्या खणात ठेवली. माफी मागितली नाही, मोठी माणसं लहानांची मागत नाहीत. पण त्यांनी पंचशीलेला रांगेच्या डाव्या टोकाला जागा करून दिली, तिथे तिचं कोपर शेजारणीला लागणार नव्हतं. तिने थैलीतून पेन्सिल काढली आणि त्यांच्यासमोर डाव्या हाताने आपलं नाव लिहिलं.

आज, एकोणनव्वद साली, पंचशीला सातवीत आहे आणि त्याच हाताने लिहिते. मी तिच्या घरी पत्र्याच्या डब्यात असते. पाहुणे येतात, मला उचलतात, दोनदा उघडझाप करून नाक मुरडतात आणि भंगारात घाला म्हणतात. घाला म्हणणारे दमतील, मी जाणार नाही. मला धार लावा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा, एवढी निगा प्रत्येक हत्याराचा हक्क आहे आणि मी तो मागून घेते, हात जोडून नाही.

पण मित्रांनो, लेकरं हत्यारं नसतात. मुखरूने माझा खिळा तोडून मला उलटं केलं, ते मला सोसलं, कारण मी पाट्याचं पोलाद आहे. लेकराचा हात असा तोडून जोडता येत नाही. उद्या तुमच्यातलेच कोणी गुरुजी होतील, कोणी बाई होतील, कोणी आईबाप होतील. तुम्ही एक सांगाल आणि समोरचं मूल भलतंच करील. ते मुद्दाम करतं आहे, असं तुम्हाला वाटेल आणि तुमचा हात उठेल. त्या वेळी तो हात तसाच धरा, मुलाजवळ खाली बसा आणि त्याला विचारा, बाळा, मी काय म्हटलं असं तुला वाटलं?